ताजा दोर, शिळा दोर

मला नारळ फोडायला बोलावलं होतं. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे पुढं माझा आवाज का चढलाय ते तुम्हाला विचारावं लागणार नाही. चाळीस वर्षं मी झाडांवर माळे बांधले. माझ्या गाठीवर माणसं बसली, जेवली, तंबाखू मळून उतरली. आणि आमच्याच वाडीत नवा माळा निवडायची वेळ आली तेव्हा माझ्याकडं काम काय, तर नारळ. शाल तेवढी बरी निघाली. ती आता उशीखाली घेते.

माळा म्हणजे घरातला नव्हे, रानातला. झाडाच्या बेचक्यात चार दांड्या आडव्या बांधायच्या, त्यावर बाजेसारखी वीण घालायची, की राखणदाराला बसायला जागा झाली. फॉरेस्टवाले त्याला मचाण म्हणतात. त्यांच्या कागदावर तो शब्द शोभतो. आमची वाडी धारूरच्या घाटाखाली, डोंगराला पाठ लावून बसलेली. वरच्या झाडीत रानडुकरं, खाली आमचा भुईमूग. त्यामुळं माळा ही आमच्याकडं हौस नाही, चुलीइतकी गरजेची वस्तू आहे.

माझं घर दोर वळणाऱ्यांचं. माहेर वडवणीकडचं, तिथंही हेच. बांधावरचं घायपात कापायचं, पाण्यात कुजवायचं, ठेचायचं, धुवायचं, की पांढरा वाख निघतो. वाख म्हणजे धागे, आता माझ्या डोक्यावर आहेत तसे. तो ओलसर करून वळायचा. बैलाचा कासरा, गाईचं दावं, विहिरीचा नाडा, सगळं आमच्या अंगणातून गावात जायचं, आणि ज्याच्याकडं दोर त्याच्याकडंच माळा बांधायचं काम यायचं. त्या काळी वरच्या आळीत माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं. माझ्या हातच्या गाठीवर मात्र त्यांची माणसं दिवसदिवस बसायची. याचा मला तेव्हा राग यायचा नाही. आता येतो. उशिरा आलाय, पण मुक्कामाला आलाय.

लोकांना वाटतं, माळा बांधायला अक्कल ती काय लागते. दोर गुंडाळला की झालं. अहो, दोराच्या आधी झाड येतं. आमची सासू झाडापाशी गेली की विळ्याच्या मुठीनं खोडावर टकटक करायची, वैद्य पोटावर करतो तशी. ठक्क वाजलं तर बरं, ढब्ब वाजलं तर आत पोकळ. मग बुंध्याला वाळवीची मातीची रेघ आहे का ते बघायची. मग वर बघून मुंगळे, मोहोळ, वाळकी फांदी. चिंच सगळ्यांत भली, वाकते पण तुटत नाही. लिंब चालतो. जांभूळ दिसायला थोराड आणि फांदीला दगाबाज. शेवग्यावर तर कावळ्यानंसुद्धा विचार करून बसावं.

हे एका शिकारी साहेबांना मी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा सांगितलं होतं. शिकारबंदी यायच्या आधीची गोष्ट. साहेब कुठून तरी जीप घेऊन आले होते, डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण. त्यांना माळा पाहिजे शेवग्यावर. का, तर जीप तिथंच लागते. मी पदराआडून म्हणाले, "साहेब, तो शेवगा हाय. त्याच्या शेंगा खात्यात, त्याच्यावर बसत न्हाईत." साहेबांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तुमची सून नेहमी इतकी बोलते का?" सासरे म्हणाले, "आज जरा कमी बोलली." साहेब चिडले, स्वतःच फांदीला लोंबकळून दाखवायला गेले आणि फांदीसकट आपल्याच जेवणाच्या डब्यावर बसले. कमरेएवढी उंची, म्हणून लागलं ते फक्त डब्याला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली की आपल्याला या कामातलं सगळं कळतं.

आता त्या वेळच्या मला तुमच्यापुढं उभी करते. वय एकोणीस. हाताला वेग, आणि वेग म्हणजेच हुशारी असा समज. कुणी काही सांगायला लागलं की ते संपायच्या आत मान हलवायची. नाकात नथ नव्हती, पण तोरा नथीचा. आज ती माझ्या दारात आली असती तर मी तिला पाणी पाजून परत पाठवलं असतं, कामाला ठेवलं नसतं.

सासूचे दोन नियम होते. एक, वळलेल्या दोरानं दोन उन्हं खाल्ल्याशिवाय तो माळ्याला लावायचा नाही. दोन, माळा बांधणारा आधी बसतो. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत एक आख्खा दिवस त्यानं स्वतः वर काढायचा, मग दुसऱ्याला चढू द्यायचं. याला आम्ही पहिलं बसणं म्हणतो. मला हे दोन्ही नियम म्हातारीचे चोचले वाटायचे.

त्या साली ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरं उतरली. रानाच्या मालकाचा निरोप आला की उद्या माळा पाहिजे. सासू भावाच्या घरी लग्नाला गेली होती. मी सकाळी दोर वळला आणि दुपारी बाभळीवर माळा बांधून मोकळी झाले. राखणदार होता गुणाबा, आमच्याच वस्तीतला, तिशीचा गडी, गोफणीचा नेम असा की दगड कुठं पडणार ते आधी सांगून भिरकवायचा. मी त्याला मामा म्हणायचे. तो झाडाखाली येऊन वर बघत म्हणाला, "पोरी, दोर कसा हाय?"

"एकदम ताजा, मामा. आज सकाळीच वळलाय."

ताजा. मेथीची जुडी विकावी तसं बोलले मी. दोर वळणाऱ्याच्या घरातली मुलगी, दोर वळणाऱ्याच्या घरातली सून, आणि ओला दोर ताजा म्हणून खपवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाखाचा दोर ओला असतो तेव्हा फुगून आखडलेला असतो. बांधताना हाताला मऊ लागतो, गाठ कशी झकास आवळली जाते. मग ऊन लागतं, दोर वाळतो, अंग सोडतो, लांब होतो. गाठ दिसायला तशीच, आतून ढिली. वाळका दोर बांधावा आणि मग त्यावर हवं तर पाणी मारावं, तो आवळतच जातो. हे आमच्या घरातल्या शेळीलासुद्धा माहीत असावं.

पहिलं बसणं? तेही नाही. विचारलं तेव्हा सांगितलं की पुरुषांदेखत नव्या सुनेनं झाडावर चढायचं म्हणजे लाज वाटली. खरं कारण वेगळं होतं. अंगावर नवी हिरवी साडी होती आणि बाभळीला काटे. माळा बांधायला नवी साडी कशाला नेसली, तर बघणाऱ्यांनी बघावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, एका बाजूची दांडी सरकली. गुणाबा बांधावरच्या दगडांवर पडला. मांडीचं हाड मोडलं. वैदूनं कामट्या लावून बांधलं, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच.

सासू परत आली. रानात गेली, तो दोर हातात घेतला, बोटांतून सरकवला. मला वाटलं आता मार बसेल. ती एवढंच म्हणाली, "वला व्हता. जा, ज्याचा पाय मोडलाय त्याच्याकडं जा, माझ्याकडं कावून बघतीस?"

मी गेले. गुणाबा बाजेवर पडला होता, शेजारी पाळण्यात त्याचा मारुती. मी रडायला लागले तर तो म्हणाला, "ए पोरी, गप. मी समद्यांला सांगितलंय, मला डुलकी लागली म्हून. दोराचं नाव काढू नको. नव्या सुनेचा दोर तुटतो असं झालं तर तुज्या घरचं कासरं-दावं कोण घेईल? तुमी खाणार काय?"

आणि मी गप बसले.

त्याचा पाय आखूड झाला, ते एकवेळ अंगाचं दुखणं. पण त्याचं नाव गेलं, ते मी घालवलं. 'डुलक्या गुणाबा' म्हणायला लागले लोक. राखणीला पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. त्या नेमाचा माणूस शेळ्यांमागं गेला. लंगडत माझ्या दारावरून जायचा आणि रोज हाक मारायचा, "काय ताजे, काय चाललंय?" लोकांना वाटायचं, ही फटकळ, हसरी, म्हणून ताजी म्हणतो. मीही हसून 'ओ' द्यायचे. तीस वर्षं 'ओ' दिली. पहिल्यांदा गप बसले ती भीतीनं. पुढं सवय झाली, आणि सवयीला कारण लागत नाही. त्यानंतर मी एकही माळा ओल्या दोरानं बांधला नाही, एकही पहिलं बसणं चुकवलं नाही. लोक म्हणायचे, इंदूबाई कामाला लई कडक. कुणाला ठाऊक होतं कडकपणा कुठून आलाय. गुणाबा वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तर आता नारळाकडं येते.

गेल्या सालापासून डुकरांनी आमचा भुईमूग नांगरल्यासारखा केला. गावच्या शेतकरी गटानं अर्ज, पंचनामे, फेऱ्या करून डुकरं मारायची रीतसर परवानगी मिळवली. गावात लायसनची बंदूक एकाचीच, मारुतीची. तोच, पाळण्यातला. पलटणीतून रिटायर होऊन आलाय, मिशा पांढऱ्या झाल्यात, मला काकी म्हणतो. जखमी डुक्कर सरळ माणसाच्या मांडीवर येतं, म्हणून गोळी झाडायची ती झाडावर बसूनच. म्हणजे माळा पाहिजे. आणि गटाचे अध्यक्ष तात्या यांनी मोबाइलमध्ये बघून ठरवलं की तयार लोखंडी चढता माळा घ्यायचा. बीडचा एक दुकानदार दाखवायला आणणार होता. कार्यक्रम ठेवला, मंडप टाकला, आणि 'जुन्या जाणत्या' म्हणून माझ्या हातात नारळ दिला.

जाणतीला विचारलं कुणी काही? छे. निवड झाली होती. कशावरून केली, तर रंगावरून. त्या लोखंडावर पानं छापली होती, डुकराला झाड वाटावं म्हणून. ती पानं कुठल्या झाडाची ते मला अजून कळलेलं नाही. बालाघाटात तरी तसलं झाड नाही. गादी मऊ होती, पेल्याला जागा होती. तात्या गादी दाबून दाबून बघत होते, सोफा घ्यायला आल्यासारखे.

वस्तू कशी होती ते सांगते. दोन भाग. वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा. दोन्हींना तारेचा जाड फास, तो खोडाभोवती घालून पिनेनं अडकवायचा. बसायचा भाग हातानं वर सरकवायचा, त्यावर भार देऊन पायानं खालचा भाग वर ओढायचा. सुरवंट चढतो तसं चढायचं. कल्पना वाईट नाही, माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही. पण त्याला पाहिजे सरळसोट खोड, मध्ये एक फांदी नको. आता आमच्या डोंगरात सरळ आहे काय? बाभूळ वाकडी, बोर वाकडी, चिंच बुंध्यापासूनच हात पसरलेली. शेवटी शाळेच्या आवारातली निलगिरी सापडली. म्हणजे डुकरांनी भुईमूग सोडून शाळेत यावं असा गटाचा बेत दिसत होता.

नारळ फोडला, आणि मंडळी टाळ्या वाजवत असताना मी त्या वस्तूपाशी जाऊन तिचा पट्टा हातात घेतला. पडला तर माणूस खोडाला लटकून राहावा म्हणून छातीला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा. बोटांतून सरकवला, सासू दोर सरकवायची तसा. शिवणीचे दोरे पिंजारले होते, रंग एका बाजूनं उडाला होता.

"बाबा, हे दुकानात काचेपाशी किती दिस उन्हात व्हतं?"

दुकानदार हसला. "आजी, इम्पोर्टेड आहे. दीडशे किलोची गॅरंटी."

"वजन न्हाई इचारलं. ऊन इचारलं."

मग फासाकडं पाहिलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या भागाच्या पिनेच्या जागी खिळा होता. सुताराचा साधा खिळा, वाकवून बसवलेला. आणि वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना बांधायची दोरी असते, खालचा सुटला तर तो जमिनीवर जाऊ नये म्हणून. तिची कडी होती, दोरी नव्हती.

"पिन कुठंय?"

"वाटेत कुठंतरी पडली, आजी. डेमोला चालतं."

"मंग तू चढ."

"मी फक्त दाखवतो. वर चढायचं काम कस्टमरचं."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर चढायचं काम कस्टमरचं. पन्नास वर्षांपूर्वी हिरव्या साडीतली एक बाई हेच करून मोकळी झाली होती, फक्त तिला असं तोंडावर बोलता आलं नव्हतं.

तात्या म्हणाले, "काकी, व्हा बाजूला, मारुती चढतोय." मारुती खरंच बूट घट्ट करत होता. मी त्या लोखंडी माळ्याच्या मऊ गादीवर जमिनीवरच बसले, मांडी घातली, चंची सोडली आणि पान लावायला घेतलं.

"काकी, उठा."

"उठते. आमच्यात बांधणारा आधी बसतो. ह्या बाबानं आणलंय, हाच आधी बसंल. तवर मी हितंच. गादी चांगली हाय तात्या, तुमी म्हणत व्हता ते खरं हाय."

लोक हसायला लागले. बायका तर पदर तोंडाला लावून. दोन पानं खाऊन झाली तेव्हा कुठं दुकानदार उठला. निलगिरीला फास घातले, तीन हिसके देऊन छातीएवढा वर गेला. निलगिरीचं खोड गुळगुळीत, लोखंडाचे दात धरेनात, त्यात खिळा वाकला. खालचा भाग खडखडत जमिनीवर आला आणि गडी वरच्या भागाला कोपरांनी लोंबकळत राहिला, पाय सायकल चालवल्यासारखे. मारुतीनं कमरेला धरून उतरवला. कुठं खरचटलंसुद्धा नाही. खाली आल्यावर म्हणाला, "तुमच्या झाडाचा प्रॉब्लेम आहे."

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण तात्यांनी माइक घेतला. म्हणाले, "ऑर्डर दिलेली हाय, आता माघार न्हाई. पिन नवी टाकू. मारुती पलटणीतला गडी हाय, तो बसंल. फकस्त मारुती, बापासारखी डुलकी काढू नको म्हंजे झालं."

सगळा मंडप हसला. मारुतीही हसला, खाली बघून. लहानपणापासून असं हसायची सवय असलेला माणूस जसा हसतो तसा. मी माइक मागितला नाही, माझा आवाज तसाही वाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो.

"गुणाबाला डुलकी लागली न्हवती. माझा दोर वला व्हता. मी दोराला ऊन दाखवलं न्हाई, मी आदी बसले न्हाई, म्हून तो पडला. डुलकीचं त्यानं माझ्यासाठी सांगितलं. आजपासून डुलक्या म्हणायचं असंल तर मला म्हणा. पन्नास वर्षं मी झोपले व्हते."

मारुती माझ्याकडं वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "काकी, बा जिवंत व्हता तवा कावून न्हाई बोललात?"

नव्या साडीपासून सगळं सांगितलं असतं तरी ते उत्तर झालं नसतं. त्यानं टोपी उचलली आणि निघून गेला.

घरी मुलगा चिडला. "आई, गाडलेलं कशाला उकरायचं?" मी म्हटलं, "गाडलेलं न्हवतं रे. त्याच्या घरच्यांच्या डोक्यावर ठिवलं व्हतं."

दोन दिवस मारुती दारावरून गेला आणि आत बघितलं नाही. डुकरांनी तेवढ्यात त्याच्याच भुईमुगाचे दोन वाफे उकरले. तात्या नवी पिन आणायला निघाले होते, आणि मारुती त्या लोखंडावर चढणार हे पक्कं होतं. रागावलेला माणूस कशावरही चढतो. एकाच घरातले दोघं माळ्यावरून पडणार, आणि मी दोन्ही वेळा बघत राहणार, हे मला सोसण्यातलं नव्हतं.

आढ्याला मी वळलेला दोर टांगलेला होता, दोन वर्षांपूर्वीचा. धुरानं पिवळा पडलेला, पिळाला घट्ट. तो काढला. मारुतीच्या रानाच्या कडेला चिंच आहे, तिच्या खोडावर विळ्याची मूठ आपटली. ठक्क वाजली. मुलानं दांड्या वर दिल्या, शिडीवर उभी राहून गाठी मी मारल्या. बोटं आता वाकडी झालीत, पण गाठ बोटांनी मारत नाहीत, आठवणीनं मारतात. मग दोरावर तांब्यानं पाणी मारलं.

एक वस्तू मात्र मी त्या दुकानदाराकडून मागवली, कोरी, पाकीट न फोडलेली. तो पट्टा. यात माझी हार आहे आणि ती लिहायलाच पाहिजे. आमच्या सात पिढ्यांना माळा सुचला, गाठ सुचली, पण माणसालाच झाडाला बांधून ठेवावं हे सुचलं नाही. आम्ही माळा पडणार नाही एवढंच बघत बसलो. माळा पडला तरी माणूस पडू नये, हे कुणाच्या तरी डोक्यात आलं. बाभळीवर त्या दुपारी गुणाबाच्या छातीला साधा कासरा जरी बांधलेला असता. हा विचार डोक्यात आला की मी जेवण सोडून उठते. तुम्ही कुणी रानात बसत असाल तर एवढं करा. माळा कसलाही घ्या, जमीन सोडताना पट्टा बांधा आणि जमिनीला पाय लागल्यावरच सोडा. आणि बंदूक रिकामी करून दोरीनं मागून वर ओढा, हातात घेऊन चढू नका. लोखंडीच घ्यायचा असेल तर गादी शेवटी बघा.

दिवस उगवायला मी चिंचेवर चढले. मुलगा खालून, "आई, ह्या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी इतकी वर्षं काही म्हणूच दिलं न्हाई. आता म्हणू दे."

नऊवारीचा कासोटा आणि तो पट्टा, दोघं एकमेकांसाठीच शिवलेत असं मला वाटलं. बसले. सूनबाईनं भाकरी-ठेचा दोरीनं वर पाठवला. शाळेची पोरं बघून गेली. बायका खुरपणी सोडून आल्या, कुणी म्हणाली, "काकी, पाखरू झालात." तात्या दुपारी आले. त्यांची टोपी वरून लहान दिसत होती. म्हणाले, "काकी, उतरा आता, तुमचंच खरं."

"दिस मावळू द्या तात्या. खरंखोटं तवा कळंल."

दुपारचं ऊन चढलं. गुणाबा पडला ती वेळ. मी दांडीवर हात ठेवून बसले. दोर बोलला नाही. ढिला होणारा दोर आधी बारीक करकरतो, हा गप्पच होता. तिथून मारुतीचा सगळा भुईमूग दिसतो, डुकरांची वाट दिसते, आणि लांब ती बाभळीची जागा दिसते. बाभूळ कधीच तोडली, बांधावरचे दगड आहेत तिथंच आहेत. मी एवढा वेळ त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

तात्यांच्या लोखंडी माळ्याचं पुढं काय झालं तेही सांगते. तो गटाच्या ऑफिसात जमिनीवर ठेवलाय, आणि तात्या त्यावर बसून पेपर वाचतात. जमिनीवर तो अतिशय सुरक्षित आहे.

दिवस डोंगराला टेकला तेव्हा मारुती बांधावरून आला. खांद्याला रिकामी बंदूक, हातात दोरीचं भेंडोळं. चिंचेखाली उभा राहिला, वर बघितलं, माळ्याच्या चारी गाठी एकेक करून बघितल्या. मला बघितलं नाही. मग खालूनच, अगदी त्याच्या बापाच्या सुरात, म्हणाला, "काय ताजे. दोर कसा हाय?"

त्याला हे नाव कुठून ठाऊक, असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं, तो पाळण्यातून उतरल्यापासून रोज ऐकतच होता की.

मी पट्ट्याची कडी तपासली, पदर खोचला आणि उतरायला पाय खाली सोडला.

"शिळा हाय रे बाबा," म्हटलं, "दोन वर्षांचा. ये, चढ."